ती शिंक कुणाची होती

सकाळचा चहा झाला की मी लिहायला बसते. अनगोळच्या आमच्या घरात पुढच्या खोलीत खिडकीखाली टेबल आहे. हे गेल्यापासून रोज तिथं बसते आणि रोज तेच काम करते. त्यांच्याविषयी एक पान लिहिते आणि दुपारच्या आत ते फाडते. देवापुढं मी कधी इतक्या नेमानं बसले नाही.

मागणं काही मोठं नाही. एक पान. त्यात माझा नवरा जसा होता तसा दिसला पाहिजे. बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात सगळे ज्याला ओळखतात तो नव्हे. तो मी केलेला. पोट सुटलेला, मिशा पिळणारा, दर वाक्याला ‘आयला’ म्हणणारा, जाईल तिथं घोळ घालून येणारा. गावोगावच्या संमेलनांत मी त्याच्या कथा सांगितल्या आणि माणसं पोट धरून हसली. खरे हे सडपातळ. ‘आयला’ त्यांच्या तोंडून मी कधी ऐकलेलं नाही. मुळात बोलायचेच कमी. उद्यमबागेत फौंड्रीत साचे भरायचे, घरी यायचे, आंघोळ करायचे, जेवायचे आणि ताट सरकवून कानडीत म्हणायचे, ‘आयितु.’ झालं. एवढ्यावर कथा कशी उभी राहणार? म्हणून मी माणूस बदलला.

बदलला म्हणजे काय, ते आधी सांगते. त्यासाठी त्या वेळची मी तुम्हाला दाखवली पाहिजे, आणि ती दाखवायला मला भारी आवडतं.

शाळेत मास्तरीण होती ती. कडक इस्त्रीची साडी, काखेत पर्स, पर्समध्ये जांभळ्या शाईचं पेन. निळ्या शाईनं हिशेब लिहितात आणि साहित्य जांभळ्या शाईनं, असं तिनं स्वतःच ठरवलेलं. रविवारी भाकरी झाल्या की खिडकीशी बसायची आणि हनुवटीला पेन टेकवून बाहेर बघायची. बाहेर शेजारणीचे परकर वाळत असायचे. हिला मात्र तिथं समुद्र दिसायचा. तिच्या कथेतल्या बायका बाल्कनीत कॉफी पीत एकट्या असायच्या. बाल्कनी या बयेनं जवळून पाहिलेली नव्हती आणि कॉफी प्यायली की तिला पित्त व्हायचं. पण तिच्या नायिकेला ‘आतून काहीतरी तुटल्यासारखं’ वाटायचं, दर कथेत, साधारण दुसऱ्या पानावर. आज वाटतं, त्या नायिकेला एखादा चांगला वैद्य दाखवला असता तर बरं झालं असतं.

आमच्या भागात थंडी सुरू झाली की गावोगाव मराठीची संमेलनं भरतात. शाळेच्या पटांगणात मांडव पडतो. सकाळी पालखीत पुस्तकं ठेवून दिंडी निघते, लेझीम होतं, मग पाहुण्यांची भाषणं, मग सगळ्या गावाला जेवण. जेवणानंतर माणसं पेंगतात, म्हणून त्या वेळेला कथाकथन ठेवायचा रिवाज आहे. एका वर्षी बाहेरून येणारा कथाकथनकार आलाच नाही. संयोजकांना कुणीतरी सांगितलं की ह्या बाई कथा लिहितात. झालं, उभं केलं मला माईकपुढं.

मी बाल्कनी सुरू केली. पहिल्या पानावर पुढची म्हातारी माणसं झोपली. दुसऱ्या पानावर नायिका आतून तुटत होती, तेव्हा मागच्या रांगा उठून पानपट्टीकडं निघाल्या. पहिल्या रांगेत हे बसलेले दिसले आणि घाबऱ्या घाबऱ्या माझ्या तोंडून निघून गेलं, “आता आमच्या मालकांचंच बघा की.”

हशा झाला. अजून मी काही सांगितलंसुद्धा नव्हतं. नुसतं ‘मालक’ म्हटलं आणि बोट दाखवलं. उठलेली माणसं खाली बसली. मी कागद मिटला आणि हे बाजारात गेल्याचं काहीतरी सांगायला लागले. तिखट मीठ लावून, आमच्या बोलीत, हातवारे करून. त्या दिवशी जांभळी शाई सुटली. त्या बयेला वाटलं, आपल्याला आपला आवाज सापडला. सापडला खराच. पण त्या आवाजाला सारखं खायला लागायचं आणि घरात पोर सोडलं तर एकच माणूस होता.

त्यानंतर दर हिवाळ्यात मी जात राहिले आणि दर वर्षी ते थोडे जाड होत गेले. मांडवात जाड, घरात तसेच. लोक कधी घरी यायचे, ह्यांना बघून त्यांचा हिरमोड व्हायचा. “हेच व्हय ते?” असं एकमेकांत बोलायचे. “मिशा कुठं गेल्या, मालक?” असं तोंडावर विचारायचे. हे नुसते मान हलवायचे.

मग एक दिवस माझ्या ध्यानात आलं की ह्यांनी मिशा राखायला घेतल्यात.

“हे काय हो?” मी म्हटलं.

“लोक इचारत्यात.”

“म्हणून मिशा राखायच्या?”

“सारखं न्हाय म्हणायला बरं दिसत न्हाय.”

मी हसले. हसून थांबले असते तरी चाललं असतं, पण मी तेही पुढच्या संमेलनात सांगितलं, आणि मांडव डोक्यावर घेतला लोकांनी. त्या मिशा मग शेवटपर्यंत राहिल्या. आता भिंतीवर फोटो आहे त्यात त्या आहेत. खऱ्या माणसाच्या जागी माझा नायक हार घालून बसलाय, आणि मी रोज सकाळी त्याला उदबत्ती लावते.

हे गेले तेव्हा माणसं भेटायला आली. बसली, पदर डोळ्याला लावले आणि मग आठवणी सांगायला लागली. “एकदा काय झालं, ते मिरजेच्या गाडीत उलट्या तोंडानं बसले...” माझी कथा. “एकदा त्यांनी डॉक्टरलाच गोळी दिली...” माझीच. प्रत्येकाजवळ एक एक आठवण होती आणि सगळ्या मी रचलेल्या होत्या. रडताना माणसं मध्येच खुदकन हसत होती आणि वर मलाच म्हणत होती, “लई मज्येशीर मानूस होता हो.” मी आतल्या खोलीत गेले आणि स्वतःशी म्हटलं, बरं, ह्यांना नसेल आठवत, मला तर आठवतं. आठवून बघितलं. पहिली जी गोष्ट डोळ्यापुढं आली ती मिरजेची गाडी.

तेव्हापासून हे पान.

मी काही नवशिकी नाही. रियाज कसा करायचा ते मला ठाऊक आहे. कॉलेजातल्या कार्यशाळांतून मी पोरांना शिकवलेलं आहे: रोज ठरलेल्या वेळी बसा, सुचायची वाट बघू नका, आधी जे दिसतं ते लिहा. तसंच करते. ‘ते सकाळी उठायचे,’ असं लिहिते. चांगलं आहे, खरं आहे. ‘उठून चपला शोधायचे.’ हेही खरं. तिसऱ्या वाक्याला हात आपोआप वळतो आणि चपला शेजाऱ्याच्या निघतात. शेजारी धावत येतो. मी पेन खाली ठेवते.

माझी कथा लिहिण्याआधी तोंडात तयार होते, भाजी निवडताना, पुटपुटत. म्हणून मी सुनेवर ती आधी घालून बघते. मुलगा पहाटेच पाळीला गेलेला असतो. ती एका खासगी बँकेत कामाला आहे, सकाळी डबा भरायच्या गडबडीत असते. मी दारात उभी राहून वाचते आणि ती हसली की पान बाद.

“पावसात भिजून आले होते, आणि छत्री हातात तशीच मिटलेली,” मी वाचलं.

ती फिस्सकन हसली.

“बाद,” मी म्हटलं.

“आत्ती, हसू नको म्हटलं की जास्तच येतंय बघा. आणि तुमी असं तोंड करून वाचताय.”

“कसलं तोंड?”

“संमेलनातलं.”

मग मी तोंड पाडून वाचायला लागले. ती आणखी हसली. म्हणाली, “आता तर नाटकातल्या विधवेसारखं वाटायलंय.” सून माझ्यावर गेलीय, रक्ताचं नातं नसून.

तर असं चाललेलं असताना एका सकाळी ती मसाल्याच्या मिरच्या भाजत होती. घरभर ठसका झाला आणि मला शिंका आल्या, एकामागून एक. आणि शिंकता शिंकता मला निपाणीचं ते घर आठवलं.

आता माझी सगळ्यात गाजलेली कथा सांगावी लागणार. तिचं नाव ‘शिंक’. लोक अजून तीच मागतात. मालक पुतण्यासाठी निपाणीला मुलगी बघायला जातात. निपाणी म्हणजे तंबाखूचं गाव. ज्या गल्लीत मुलीचं घर त्या गल्लीत वखारी. तिथल्या माणसांना तंबाखूच्या त्या खाटाचं, नाकात जाणाऱ्या उग्र वासाचं, काही वाटत नाही, जन्मापासून सवय. पण आमचे मालक बेळगावचे. मुलगी पोह्यांची बशी घेऊन बाहेर येते आणि मालक शिंकतात. शुभकार्यात शिंक! मुलीची आजी हातातली जपमाळ खाली ठेवते. कुणीतरी म्हणतं, एक शिंक वाईट, दोन चालतात. मग सगळे मालकांनी दुसऱ्यांदा शिंकावं म्हणून वाट बघतात. ती येते, पण तिच्यामागून तिसरी येते. आता चौथी पाहिजे. घरातले मिळून मालकांना तंबाखू हुंगायला देतात, मालकांचे डोळे लाल, मिशा ओल्या, पोहे गार, आणि शिंकांची जोडी काही जमत नाही. शेवटी पुतण्याच कंटाळून शिंकतो. लग्न ठरतं. या कथेनं लोकांच्या डोळ्यांतून पाणी काढलंय. मीही दर वेळी हसते. आहेच हसण्यासारखी.

निपाणीला आम्ही खरोखर गेलो होतो. पुतण्यासाठीच. बरोबर ह्यांच्या फौंड्रीतला एक मित्र होता, त्यानंच ते स्थळ सुचवलेलं. आणि मिरच्यांच्या ठसक्यात माझ्या ध्यानात आलं की त्या घरात शिंक आली ती ह्यांना नव्हे. मला आली होती.

मला. बशी घेऊन मुलगी उंबऱ्यात आली आणि मी शिंकले. पदर तोंडाला लावेपर्यंत शिंक बाहेर. बैठकीत एकदम गप्प झालं. मुलीच्या आजीनं माझ्याकडं बघितलं. नवऱ्यामुलाकडची बाई, तीही ऐन वेळेला. आणि तेवढ्यात हे म्हणाले, “मी शिंकलो. धूळ गेली नाकात.” कुणाकडं न बघता. मग खिशातून रुमाल काढला आणि नाक पुसलं. पुरुषमाणसाच्या शिंकेचं कोण एवढं मनावर घेतं? बैठक पुन्हा बोलायला लागली.

मी तशीच सरळ टेबलाशी आले आणि लिहिलं. हात थांबला नाही. मालक, मिशा, काही आडवं आलं नाही. एक पान भरलं. सुनेला वाचून दाखवलं. ती डबा हातात धरून ऐकत राहिली आणि हसली नाही. “आत्ती,” एवढंच म्हणाली आणि कामाला गेली. मी ते पान फाडलं नाही. दुपारी दोन वेळा काढून वाचलं. संध्याकाळी देवाला दिवा लावला, फोटोला नमस्कार केला आणि म्हटलं, सापडला बाई.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा वाचलं आणि पान टेबलावर पालथं ठेवलं.

ते फार चांगलं होतं. सुरुवात कुठं पाहिजे तिथं होती. बैठक गप्प होते ती जागा बरोबर. एका वाक्यात माणूस उभा राहत होता. शेवटी रुमाल. मी पोरांना शिकवते ना, की पात्राचा स्वभाव सांगू नका, त्याला काहीतरी करू द्या? इथं पात्रानं नेमकं ते केलं होतं. आणि माझी गाजलेली कथा उलटी केली की ही कथा होते, शिंक इकडची तिकडं. असं उलटं करणं हे माझं जुनं कसब आहे. नवी कथा सुचेनाशी झाली की मी जुनीतलं एक माणूस उचलून दुसऱ्याच्या जागी ठेवते.

मग हे आठवलं की रचलं?

तुम्ही म्हणाल, म्हातारीला एवढंही कळू नये? नाही कळत. आयुष्यभर मी आठवण आणि रचना एकाच चुलीवर शिजवली. आता वास एकच येतो. मला चांगला नवरा हवा होता, तर मी एका सकाळी तो लिहून काढला. आधी हशासाठी मूर्ख केला होता, आता रडण्यासाठी शहाणा केला. खरा होता तो दोन्हीकडून गेला.

एकच माणूस होता विचारायला. तो मित्र. शहापुरात राहतो, विणकरांच्या गल्लीत. बसनं गेले. आता त्या गल्लीत मागांचा आवाज पूर्वीइतका नाही, तरी त्याच्या शेजारी एक चालतो. तो पायरीवर ऊन खात बसला होता. मला बघून उठायला लागला.

“बसा बसा. तुमच्याकडं एक काम घेऊन आले.”

“वैनी, तुमी सांगायचं आन् मी ऐकायचं. निरोप धाडला असता तर मीच आलो असतो की.”

त्याच्या सुनेनं चहा आणला. मी चहा पिईपर्यंत कशीबशी थांबले. मुद्दाम काही सुचवायचं नाही, असं ठरवून गेले होते. साक्षीदाराला शब्द पुरवायचे नसतात.

“आपण निपाणीला गेलो होतो बघा, पोरगी बघायला. तुम्ही होता बरोबर.”

“होतो म्हंजे? त्याच्या शेजारीच बसलोतो!” त्याचा चेहरा फुलला. “इसरंल व्हय ते कुणी?”

“काय झालं होतं तिथं?”

“काय झालं? शिंका झाल्या!” तो मांडीवर हात मारून हसायला लागला. “पोरगी पोहे घेऊन आली आन् आमचा गडी शिंकला. म्हातारीनं माळ खाली ठेवली. मी म्हटलं, मर्दा, आनि एक काढ, जोडी होऊ दे. तर तिसरी आली! मिशा ह्या एवढ्या भिजल्या...”

“मिशा होत्या त्यांना तेव्हा?”

तो थांबला. खरंच विचार केला त्यानं, डोळे मिटून. म्हाताऱ्या माणसानं मनापासून आठवायचा प्रयत्न केला की चेहरा कसा होतो, तसा झाला.

“व्हत्या की,” तो म्हणाला. “मला दिसायल्यात.”

“भावजी, ते मी रचलेलं आहे. संमेलनात सांगायची ती कथा आहे.”

“असू दे की. कथा तुमीच केली. पन झालं म्हनूनच केली न्हवं?” मग समजूत घातल्यासारखं बोलला, “वैनी, तुमी मागच्या खोलीत बायकांत बसलातासा. तुमाला आतनं काय दिसनार? मी बैठकीत होतो.”

मी मागच्या खोलीत होते? मग मी शिंकले ते बैठकीत कुणाला ऐकू गेलं? ह्यांना कसं ऐकू गेलं? त्या म्हाताऱ्यानं माझी कथा मला परत सांगितली आणि जाता जाता माझ्या हातातलं पानही जणू काढून घेतलं. त्याचं चुकत असेल. माझंही चुकत असेल. बसस्टॉपवर उभी असताना मला वाटलं, त्या मुलीची आजी हयात असती तर तिला विचारलं असतं. मग आठवलं की जपमाळवाली आजीही माझीच. मुलीला आजी होती का, हेच आता मला सांगता येत नाही.

घरी येऊन पान फाडलं. सुनेला सांगितलं नाही.

त्यानंतर थोड्याच दिवसांत एका गावच्या संमेलनाचा फोन आला. संयोजक म्हणाला, “बाई, औंदा तुमी यायलाच पायजे. मागच्या वर्षी आमी समजून घेतलं. औंदा ‘शिंक’ ठेवलीय, जेवणानंतर.”

“दुसरं काही सांगितलं तर?”

“सांगा की, तुमाला कोण नको म्हनतंय? पन शेवटाला ‘शिंक’.”

नाही म्हणणार होते. मग मनात आलं, एवढ्या माणसांपुढं एकदा खरं सांगून बघावं. कागदावर हात वळतो, पण तोंड माझं जास्त जुनं आहे, ते कदाचित सरळ चालेल. लेखक म्हणून ही माझी शेवटची आशा होती, आणि ती किती बावळट होती ते त्या जांभळ्या शाईवालीलाही कळलं असतं.

मांडव भरलेला होता. जेवण नुकतंच झालेलं, पोरं वळचणीला खेळत होती, बायका उन्हाच्या बाजूला सरकून बसल्या होत्या. मी माईकपुढं उभी राहिले. म्हटलं, “आमचे हे गेले. त्यांच्याविषयी आज खरं सांगणार आहे.”

“आं!” कुणीतरी कौतुकानं म्हणालं, आणि लोक सावरून बसले.

“आम्ही निपाणीला गेलो होतो.”

हशा. नुसत्या ‘निपाणी’ला.

“नाही, ऐका. त्या दिवशी हे शिंकले नाहीत. मी शिंकले.”

मांडव फुटला. लोकांना वाटलं, बाईंनी कथेला नवा वळसा दिला. पुढच्या रांगेतली एक आज्जी तर पदर तोंडात घालून डुलत होती. मी हात वर केला. “खरंच सांगते,” म्हटलं. त्यावर तर टाळ्या पडल्या. ‘खरंच सांगते’ हे वाक्य मी माझ्या प्रत्येक कथेत, सगळ्यात मोठ्या थापेच्या आधी म्हणते. हे मी विसरले होते, लोक विसरले नव्हते.

त्यांचं काय चुकलं? मीच वळण लावलं त्यांना. भूक लागलेल्या माणसासमोर ताट न्यायचं आणि सांगायचं की हे नुसतं बघायचं आहे, हेही बरं नाही. मी ‘शिंक’ सांगायला लागले. तोंड चालू झालं. पहिली शिंक, माळ, दुसरी, तिसरी. हशा उठला, मोठा, पार मांडवाच्या मागच्या कापडापर्यंत गेला आणि विरला.

आणि मी थांबून राहिले.

पुढचं वाक्य येत होतं, विसरले नव्हते. पण मी बोलेना. हशा संपून बराच वेळ झाला. लोक माझ्याकडं बघत होते. संयोजक पाण्याचा पेला घेऊन उठला. मी पहिल्या रांगेच्या कडेच्या खुर्चीकडं बघत होते, तिथं गावचे एक पुढारी बसले होते आणि माझ्याकडंच बघत होते. त्यांनी मागं वळून बघायला पाहिजे होतं. मी त्याची वाट बघत होते.

कारण त्या कडेच्या जागी बसून हे वळायचे. हशा उठला की हे हसायचे नाहीत. आधी खुर्चीत अख्खे मागं वळायचे आणि मांडव बघायचे, या टोकापासून त्या टोकापर्यंत, मागची माणसं बसलीत का, हसतायत का. सगळं बघून झालं की पुढं वळायचे, आणि ते पुढं वळले की मी पुढचं वाक्य घ्यायचे. दर वर्षी, दर हशाला. माझ्या त्या थांबण्याचं लोकांनी किती कौतुक केलं होतं, मी स्वतःही ते आपलं कसब समजून बसले होते.

पेला घेतला, पाणी प्यायले, कथा पुरी केली. टाळ्या झाल्या, नारळ मिळाला, शाल मिळाली. एक बाई म्हणाल्या, “मधी थांबलात तेव्हा काळजात चर्र झालं.”

दुसऱ्या दिवशी चहा झाल्यावर टेबलाशी बसले. हे रचलेलं नाही, एवढं मला कळत होतं. यात वळण नाही, शेवट नाही, कुणाचा स्वभाव कळत नाही. कथा म्हणून मी हे कुणाकडून घेतलं नसतं. लिहिलं: मानेवर केस बारीक कापलेले. मफलरची गाठ मागं सरकलेली. मांडवाच्या फटीतून येणारं ऊन एका कानावर पडायचं आणि कान आरपार तांबडा दिसायचा. मान वळताना कॉलरीच्या आत एक घडी पडायची. एवढंच लिहून झालं आणि पुढं काही येईना.

सून डबा भरत होती. तिला वाचून दाखवलं.

ती म्हणाली, “मग?”

“मग काही नाही. एवढंच आहे.”

“तोंड कसं असायचं त्यांचं, तसं मागं वळून बघताना?”

“ते मला कुठं दिसायचं?” मी म्हटलं. “मी स्टेजवर. लोकांना दिसायचं.”

तिनं डब्याचं झाकण लावलं. “लोकांना विचारायचं,” म्हणाली.

“लोक माझ्याकडं बघत असायचे गं,” मी म्हटलं.